रूममेट कुठल्या ठाण्यात? शोधा म्हणजे सापडेल!

शुक्रवारची रात्र. दीड वाजलाय. तुम्ही नुकतेच अंथरुणावर पडलात आणि मोबाइल वाजतो.
‘अरे, याला पोलिसांनी नेलं!’
‘कुठं?’
‘गाडीत!’
‘गाडीत म्हणजे कुठल्या स्टेशनला?’
‘ते नाही ना माहीत...’ आणि फोन कट.

झोप खल्लास! पहिला हात जातो लॅपटॉपकडे. अमेरिकन सीरियल बघून आपल्याला वाटत असतं, की शहराचं आणि माणसाचं नाव टाइप केलं की समोरून आणि बाजूनं काढलेल्या फोटोसकट सगळी कुंडली बाहेर येणार. तिकडे बऱ्याच ठिकाणी खरंच तसं आहे. आपल्याकडे मात्र असं एका खिडकीतलं काही मिळत नाही. इथं अटकेची नोंद तीन-चार ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत असते आणि ते तुकडे ठरावीक क्रमानं जोडावे लागतात. क्रम चुकला, की रात्रभर नुसती रिक्षाची वणवण!

आधी हद्द, मग बाकी सगळं

पहिला प्रश्न ‘त्याने काय केलं?’ हा नाही. पहिला प्रश्न, ‘त्याला नेमकं कुठं अडवलं?’ कारण पोलिसांचं सगळं जग हद्दीवर चालतं. आपल्यासाठी बाणेर काय, हिंजवडी काय, सगळं पुणेच. पण १५ ऑगस्ट २०१८पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालंय. बाणेर पुणे शहर पोलिसांकडे, तर हिंजवडी आणि वाकड पिंपरी-चिंचवडकडे. वीकेण्डला लोणावळ्यात राडा झाला असेल, तर तिथं पुणे ग्रामीण पोलीस. म्हणजे एका रात्रीच्या पार्टीसाठी तीन वेगवेगळे कंट्रोल रूम! मुंबईकरांसाठी आणखी एक भर. लोकलमध्ये किंवा प्लॅटफॉर्मवर भांडण झालं असेल, तर शहर पोलिसांकडे चकरा मारू नका. तो विभाग लोहमार्ग पोलिसांचा.

जागा कळली की ठाणं कळतं. नाहीच कळलं, तर ११२ला फोन करून विचारा की अमुक चौक कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. आणि हो, चौकी आणि ठाणं यात गल्लत करू नका. चौकी म्हणजे ठाण्याची फांदी. लॉकअप आणि मुख्य रजिस्टर ठाण्यात असतं. तिथं टेबलामागे जे बसलेले असतात, ते ‘ठाणे अंमलदार’. रात्री दोन वाजता तुमचा देव तोच. आवाज चढवायचा नाही, ‘साहेब’ म्हणायचं आणि सरळ विचारायचं, ‘अमुक नावाच्या मुलाला इथं आणलंय का? अटक दाखवलीय की चौकशीला बसवलंय?’

हा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ताब्यात घेणं आणि अटक, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अटक झाली, की तिचा कागद तयार करावा लागतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही, शिवाय अटक झालेल्याची सही. कुणाला कळवलं याची नोंदही ठाण्यातल्या वहीत करायची असते. आणि कळवायचं कुणाला? कायदा म्हणतो नातेवाईक, मित्र किंवा अटक झालेला सांगेल ती व्यक्ती. म्हणजे आई-बाबा साताऱ्याला असले आणि त्याने तुमचं नाव सांगितलं असेल, तर रूममेटही चालतो, बॉस! ‘तुम्ही कोण त्याचे?’ असं कुणी दरडावलं तर गोंधळून जाऊ नका.

फळ्यावरचं नाव

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, कामाचा आहे. १९८६मध्ये पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १८ डिसेंबर १९९६ला अटकेचे नियम घालून दिले. त्यातला एक असा, की अटकेची माहिती बारा तासांच्या आत जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला कळवायची आणि तिथल्या फळ्यावर लावायची. का? तर माणूस गायब होऊ नये म्हणून. कोठडीत काय होतं, याची भीती त्या पत्रामागे होती. फळ्यावर नाव आलं, की निदान तो कुठं आहे याला सरकार बांधील होतं.

आज हाच नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७मध्ये आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमायचा आहे, सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालचा नाही. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती त्याच्याकडे हवी. शिवाय ती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल स्वरूपातही. प्रत्यक्षात? मी एका ठाण्यात तो फळा पाहिलाय. त्याच्यासमोर पाण्याचा कूलर ठेवला होता. तेव्हा फळ्याच्या भरवशावर राहू नका, ‘कलम ३७चे नियुक्त अधिकारी कोण?’ असं नम्रपणे विचारा. कलमाचा आकडा ऐकला, की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो. स्वानुभव!

लॅपटॉपची पाळी इथं येते

ठाणं सापडलं? आता हवाय गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. ठाणं, नंबर आणि वर्ष हे त्रिकूट हातात आलं, की अर्धं टेन्शन कमी. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ला आदेश दिला, की एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकायचा. नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तास. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर तारीख, जिल्हा आणि ठाणं निवडून प्रसिद्ध झालेले एफआयआर बघता येतात.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं तिथं टाकली जात नाहीत. म्हणून ‘साइटवर नाही म्हणजे केसच नाही’ असं समजू नका. दुसरं, एफआयआर म्हणजे अटक नव्हे. कित्येक एफआयआरमध्ये आरोपी ‘अज्ञात’ असतो, कित्येकांत नाव असूनही अटक होत नाही, नुसती हजर राहण्याची नोटीस मिळते. आणि तिसरं, आरोपपत्र ऑनलाइन शोधत बसू नका. ते सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकायची गरज नाही, असं कोर्टाने जानेवारी २०२३मध्येच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी शिवाजीनगर

अटक झाल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. रविवार असो की दिवाळी, सुट्टीचं कोर्ट असतं. त्यामुळे ठाण्यातून काहीच कळेना, तर ‘उद्या कुठल्या कोर्टात, किती वाजता हजर करणार?’ एवढंच विचारा. पुणे शहरातल्या केससाठी साधारणपणे शिवाजीनगर कोर्ट. वकील लवकर गाठा, कारण नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि तेही रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. तो कागद मागून घ्या. त्यावरच जामिनाची पुढची लढाई अवलंबून असते. वकिलाची फी झेपणार नसेल, तर १५१०० ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं पॅकेज कितीही असो!

केस कोर्टात पोचली, की ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर दिसायला लागते. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, मग ठाणं आणि एफआयआर नंबर टाका. केसला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. तो लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तारीख त्याच्यावर कळते.

आणि सासऱ्यांनी शोधलं तर?

खरी गंमत पुढे आहे. याच साइटवर नावानेही शोधता येतं. आता ही सोय फक्त घाबरलेले रूममेट वापरत नाहीत. घरमालक वापरतात, एचआरवाले वापरतात आणि स्थळ बघणारे मामा तर हमखास! बाकी कुणाला शोधताना आपणही जरा सैल असतो. नवा फ्लॅटमेट येणार म्हटल्यावर मीही एकदा केलंय, कबूल.

पण नावावर भरोसा ठेवणं फार महागात पडतं. पाटील, जाधव, शिंदे यांच्यात एकाच नावाची माणसं किती! त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. एकच जाधव कुठं ‘व्ही’वर संपतो, कुठं ‘ओ’वर. माझ्या एका मित्राची नवी नोकरी यातच लटकली होती. जुन्या कंपनीत राजीनामा दिलेला, नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आणि व्हेरिफिकेशनवाल्यांना त्याच्या नावावर मारामारीची केस सापडली. ती दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्याच माणसाची होती. तीन आठवडे पगाराशिवाय तो हे सिद्ध करत बसला. वर त्या दुसऱ्या माणसाचीही निर्दोष सुटका झालेली! यादीत नाव दिसत होतं, निकालाची ऑर्डर उघडून वाचायची तसदी कुणी घेतलीच नव्हती.

शेवटी काम केलं ते दोन कागदांनी. एक, त्या केसमधली कोर्टाची ऑर्डर, जिच्यात आरोपीचं वय आणि वडिलांचं नाव होतं. दुसरं, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो ज्याचा त्याने करायचा. म्हणूनच भाडेकरू किंवा नवा सहकारी यांच्याबद्दल शंका असेल, तर चोरून साइट धुंडाळण्यापेक्षा त्यालाच हे प्रमाणपत्र मागणं बरं. त्याला निदान उत्तर द्यायची संधी मिळते.

मित्र आता त्याच कंपनीत मजेत आहे. फक्त कुठल्याही फॉर्मवर वडिलांचं नाव तो पूर्ण लिहितो. रेस्टॉरंटच्या फीडबॅक कार्डवरसुद्धा!