आषाढातलं ओझं

शरदात हिमालयातलं सहा हजार मीटरचं शिखर गाठायचं असेल तर त्याची तयारी आषाढात, भर पावसात आणि पाठीवर ओझं घेऊन करावी लागते. हे मी तरुणपणापासून सांगत आलो आहे आणि माझं मत तसूभरही बदललेलं नाही. मराठी गिर्यारोहकांच्या हिमालयातल्या तयारीचा आढावा लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हाच मी त्यांना कळवलं की हा आढावा विरारच्या चंदनसारला बसून, जीवदानीच्या डोंगराकडे तोंड करून लिहिला जाईल. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेलेत. विरार लोकलनं नोकरीला जाणाऱ्या माणसानं हिमालयाची तयारी कशी केली, हे मात्र कुणी लिहीत नाही.

सुरुवातीचा काळ भराभर उरकतो, कारण तो वाचकांना पाठ आहे. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’. १९६५मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट आली. कान्हेरी आणि मुंब्र्याच्या कातळांवर मुंबईकरांच्या दोन पिढ्या प्रस्तरारोहण शिकल्या. सामान मिळत नसे, लष्करी बाजारातले कोट आणि बूट वापरले जात, दोर जपून ठेवला जाई. त्या हलाखीचं कौतुक मला फारसं नाही. आज चांगले बूट, हार्नेस, जुमार सहज मिळतात ही उत्तम गोष्ट आहे आणि जुन्या काळाच्या आठवणीत ती नाकारण्याचं कारण नाही.

खरा बदल घडला तो १९७८ साली. नेपाळनं १८ शिखरं ट्रेकिंग पीक म्हणून खुली केली, परवाना सोपा झाला, आणि मोठ्या मोहिमेचा लवाजमा नसलेल्या चार-सहा जणांच्या गटाला सहा हजारी शिखर आवाक्यात आलं. २००२मध्ये आणखी १५ शिखरांची भर पडली. आपल्याकडच्या शिखरांचे परवाने दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडून घ्यावे लागतात. लडाखमधलं ६१५३ मीटरचं स्टोक कांगरी मराठी ट्रेकर्सचं वर्षानुवर्षं लाडकं होतं, पण २०२०मध्ये ते बंद झालं आणि सगळा लोंढा ६२५० मीटरच्या कांग यात्से-दोनकडे वळला. पण लडाखचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. या लेखाचा विषय शरद आहे, म्हणजे मेरा (६४७६ मीटर), आयलंड पीक (६१८९), लोबुचे पूर्व (६११९), आणि आपल्या बाजूला मनालीजवळचं ५२८९ मीटरचं फ्रेंडशिप. यातलं मेरा मला सगळ्यात जवळचं. मे १९५३मध्ये जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेन्झिंग त्याच्या माथ्यावर पोहोचले आणि पुढे याच रॉबर्ट्सनं नेपाळमध्ये ट्रेकिंगचा व्यवसाय उभा केला.

शरदाची गंमत अशी की मोसमी पाऊस हवा धुऊन जातो आणि आश्विनात आकाश स्वच्छ असतं. पौर्णिमेच्या आसपास माथ्याची चढाई ठरवली तर मध्यरात्री हेडलॅम्प विझवूनही हिमनदी दिसते, म्हणून आमच्या गटाचा आग्रह कोजागिरीच्या दिवसांचा असे. अधिक मास आला की मात्र कोजागिरी ऑक्टोबरच्या शेवटाकडे सरकते आणि थंडी कडक होते, हे पंचांग पाहून आधीच ठरवावं. शिवाय आपल्याकडे मध्ये गणपती येतात. घरात गणपती असताना रोजचा सराव मोडतो आणि तीन आठवड्यांची रजा आधीच गौरी-गणपतीत अर्धी खर्च होते. ज्यांना शरदातलं शिखर हवं त्यांनी हा हिशेब घरच्यांशी ज्येष्ठातच बोलून घ्यावा. विमानाची तिकिटं त्यानंतरची गोष्ट.

आता माझ्या विषयाकडे येतो. एका मोठ्या वर्गाचं म्हणणं असं की पावसाळा म्हणजे तयारीला सुट्टी. वाटा निसरड्या, दगड सुटलेले, त्यापेक्षा जिममध्ये ट्रेडमिलला चढ लावून धावा. दुसऱ्या वर्गाचं म्हणणं की सह्याद्रीत बर्फ नाही, तेव्हा सह्याद्रीचा हिमालयाला उपयोगच नाही. या दोन्ही मतांशी मी भांडत आलो आहे. शिखराच्या दिवशी शरीराकडून काय मागितलं जातं ते पाहा. आयलंड पीकच्या बेस कॅम्पपासून माथा सुमारे अकराशे मीटर वर आहे. तेवढं चढून त्याच दिवशी खाली यायचं, आठ-दहा तास न थांबता, संथ गतीनं, जड बुटांत. धावण्याचा वेग तिथे कामाला येत नाही. कामाला येतो तो मांडीचा आणि पाठीचा चिवटपणा, आणि तासन् तास एकाच लयीत पाय टाकण्याची सवय. ही सवय चढावर ओझं वाहूनच लागते.

आमच्या दारात जीवदानीचा डोंगर आहे. तेराशे-चौदाशे पायऱ्या, आणि पायथ्याच्या पापडखिंडीकडून वर जाणाऱ्या जुन्या पायवाटा. विरारचा माणूस पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. त्याला रोज गडावर जाणं शक्य नाही, पण आठवड्यात दोनदा पहाटे पायऱ्या शक्य असतात. ज्येष्ठात सहा-सात किलोपासून सुरुवात करावी आणि दर पंधरवड्याला किलो-दोन किलो वाढवत भाद्रपदापर्यंत पंधरा किलोच्या पुढे जावं. ओझं म्हणून सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरावेत. पहिले दोन महिने वर पोहोचल्यावर पाणी झाडांना घालून रिकामं उतरावं, म्हणजे गुडघे वाचतात. श्रावणापासून मात्र पाणी ओतायचं नाही, भरल्या सॅकनं उतरायचं. हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मला त्याचाच सर्वात जास्त आग्रह आहे. शिखरावरचे अपघात मोठ्या संख्येनं उतरताना होतात, थकलेल्या मांड्यांवर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि ही ताकद चढून मिळत नाही, ती उतरूनच मिळवावी लागते. गतीची खूण साधी आहे. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की पावलं आखूड करायची, थांबायचं नाही.

ओझं घेऊन कसं चालावं हे मी कुठल्याही अभ्यासक्रमात शिकलो नाही. तुंगारेश्वरच्या जंगलातून मोळी घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बायकांच्या मागे चालत शिकलो. पाऊल पूर्ण टेकलेलं, अंतर आखूड, कंबर स्थिर, नजर दोन पावलं पुढे. उतारावर त्या कधी घाई करत नाहीत आणि मध्येच दचकून थांबतही नाहीत. थांबायचं असेल तर मोळी टेकवता येईल असा उंचवटा बघूनच थांबतात. डोक्यावरच्या त्या ओल्या लाकडांखाली पाऊल घसरून चालत नाही, म्हणून ते कधी आंधळेपणानं पडत नाही. पुढे मेऱ्याच्या वाटेवर शेर्पा भारवाहकांना टी-आकाराची काठी पाठीमागे भाऱ्याखाली टेकवून उभ्यानं विसावताना पाहिलं, आणि तुंगारेश्वरातलीच शिस्त मला तिथे ओळखू आली. नव्या मुलामुलींनी व्यायामाचे व्हिडिओ जरूर पाहावेत, पण एक दिवस या बायकांच्या मागोमाग, त्यांच्या वाटेत न येता, उतरून पाहावं.

पावसाचा आणखी एक फायदा आहे जो कोरड्या हंगामात मिळत नाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि वाहत्या वाटांवर तोल सांभाळत महिनोन् महिने चाललेला माणूस मोरेनच्या सुट्या दगडांवर बिचकत नाही. दमट हवेत घामानं निथळत केलेली मेहनत हृदयाला कसाला लावते. पायांना चिखल्या होतात, त्यांची काळजी घ्यायची, मोजे रोज बदलायचे, आणि ओल्या पायांची निगा राखण्याची ही सवयच पुढे बर्फात बोटं वाचवते. रविवारी सकवारवरून टकमक, वाड्याकडचा कोहोज, कधी कामणदुर्ग. आणि महिन्यातून एकदा कसाऱ्याकडून बारी गाठून कळसूबाई, म्हणजे सुमारे नऊशे मीटरची सलग चढण. मात्र ओढे फुगलेले असताना तुंगारेश्वरात जाऊ नये आणि चिंचोटीच्या धबधब्याकडे तर पावसाळ्यात फिरकूच नये. तिथे दरवर्षी जीव जातात आणि बंदी योग्यच आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या वसईची सुकेळी, राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली, ही हिमालयासाठी मला ठाऊक असलेली उत्तम शिदोरी आहे. थंडीत ती दगडासारखी होत नाही, चावता येते, आणि उंचीवर अन्नावरची वासना उडते तेव्हाही घशाखाली उतरते. विदेशी चॉकलेटं घेणाऱ्यांनी एकदा सुकेळी नेऊन पाहावी.

समुद्रसपाटीवरच्या माणसाचा खरा प्रश्न उंचीचा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या जेमतेम निम्मा असतो आणि चंदनसारात कितीही पायऱ्या चढल्या तरी त्याची तयारी होत नाही. हल्ली तोंडाला मुखवटा बांधून उंचीची तयारी केल्याचं सांगतात. त्यानं श्वासाच्या स्नायूंना मेहनत होते एवढंच. रक्ताला विरळ हवेची सवय लागत नाही. ती फक्त दिवस देऊन लागते. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विसावा घ्यावा, हा नियम जगभर मानला जातो. मेऱ्याला जाणारे बरेच गट लुकलाहून (२८६० मीटर) तिसऱ्या दिवशीच ४६०० मीटरचा झात्रा ला ओलांडतात. दिवस वाचतात आणि माणसं आजारी पडतात. दक्षिणेकडून पांगोमवरून वळसा घालून हिंकू खोऱ्यात उतरण्याची वाट काही दिवस जास्त घेते. माझ्या शब्दाला मान देणाऱ्यांना मी नेहमी तीच वाट धरायला लावली.

बर्फाचं तंत्र सह्याद्रीत येत नाही, हे विरोधकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. शरदात काही उतारांवर कडक, निळसर बर्फ उघडा असतो. क्रॅम्पॉनचे पुढचे दात रोवून चढणं आणि आइस अ‍ॅक्सनं घसरण रोखणं हे उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या चार आठवड्यांच्या बेसिक कोर्समध्येच शिकावं. मात्र आयलंड पीकच्या वरच्या भिंतीवरची जुमारची चढाई, जाड हातमोजे घालून कॅराबिनर बदलणं, दोराची गाठ पार करणं, हे सगळं इथल्या कातळावर पक्कं करता येतं. हातमोजे घालूनच करावं, पावसात करावं.

आणि शरद सौम्य असतो हा समज सोडावा. ऑक्टोबर २०१४मध्ये हुदहुद चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि दोन दिवसांत नेपाळच्या थोरोंग ला परिसरात हिमवादळानं चाळीसहून अधिक माणसं नेली. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का दांडा-दोनवर नेहरू इन्स्टिट्यूटचा प्रशिक्षण गट हिमस्खलनात सापडला आणि सत्तावीस मृतदेह हाती आले. ती माणसं प्रशिक्षित होती, त्यांचे शिक्षक त्यांच्यासोबत होते. बंगालच्या उपसागरातल्या हवामानाकडे शिखराच्या दिवसांत लक्ष ठेवणं आणि हातातला माथा सोडून देण्याचे दोन दिवस वेळापत्रकात राखून ठेवणं हाही तयारीचाच भाग आहे. ‘गिरिविहार’च्या १९८८च्या कांचनजुंगा मोहिमेत संजय बोरोले यांचा मृत्यू झाला, तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी हिमालयाचं नाव काढणं अवघड झालं होतं. तरी माणसं जात राहिली, जास्त तयारीनं जात राहिली.

मोठ्या यशांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २०१२मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१९मध्ये त्यांचेच दहा जण कांचनजुंगावर. पुण्याच्या गिर्यारोहकांना सरावाला सिंहगड आहे तसा आम्हाला जीवदानीचा डोंगर. २०१८मध्ये ‘मिशन शौर्य’तून चंद्रपूर जिल्ह्यातले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर चढले, तेही महिनोन् महिने सराव करून, दार्जिलिंग आणि लडाख पाहून. या मुलांना कुणी नऊ दिवसांत शिखर विकलं नव्हतं.

आज नेमकं तेच विकलं जातं. अनुभवाची गरज नाही, फक्त रजा आणा, अशा जाहिराती मी वाचतो आणि मला राग येतो. अशा एका गटाबरोबर गेलेला आमच्या भागातला एक तरुण चौथ्या दिवशी फुप्फुसात पाणी होऊन उतरवावा लागला. आयोजकांनी त्याला उंचीची लक्षणंसुद्धा सांगितली नव्हती. तो आयुष्यात कधी सॅक भरून डोंगर चढला नव्हता आणि कुणी त्याला तसं विचारलंही नव्हतं. दुसरीकडे सरावाची जागाच आक्रसते आहे. चंदनसारच्या बाजूनं डोंगराच्या कुशीत बांधकामं वर सरकली, पूर्वेच्या खदाणींनी टेकड्या पोखरल्या, काही जुन्या पायवाटा भिंतींआड गेल्या. पायऱ्यांवर नवरात्रात पाऊल ठेवायला जागा नसते आणि ते रास्तच आहे, डोंगर देवीचा आहे. पण आडवाटा राहिल्या असत्या तर सरावाला अडचण आली नसती. वनखात्यानं आणि महापालिकेनं पापडखिंडीकडच्या पायवाटा नोंदवून मोकळ्या ठेवाव्यात, एवढी मागणी मी इथे पुन्हा लिहून ठेवतो.

या ज्येष्ठापासून आमच्याकडच्या काही मुलामुलींनी पायऱ्यांवर सराव सुरू केला, पुढच्या शरदातल्या मेऱ्यासाठी. त्यात एक परिचारिका आहे आणि तिच्या रात्रपाळ्यांमुळे वेळापत्रक सारखं बदलावं लागतं. मी त्यांना सव्वा वर्षाचा कार्यक्रम लिहून दिला आहे. त्यात या हिवाळ्यात बेसिक कोर्ससाठी अर्ज, पुढच्या उन्हाळ्यात एक पाच हजारी शिखर, मग पुन्हा आषाढ. भाद्रपदात ते पंधरा किलोपर्यंत पोहोचले. भरल्या कॅननी उतरायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे.