दहा किलोवॅटवर मोटार कशी धावते?

कुंभकोणमच्या नैऋत्येला कारैकुडीत सीएसआयआरची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. ही संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांच्या सहकार्यातून हायड्रोजनपासून वीज तयार करणारा देशी बनावटीचा इंधनघट साकारला. तो बसवलेल्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्यात झाली.

हा इंधनघट फक्त १० किलोवॅटचा, म्हणजे जेमतेम १३ अश्वशक्तीचा. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या एकसारख्या वेगाला तेवढी शक्ती पुरते. पण घाट चढताना किंवा पुढची गाडी ओलांडताना तिच्या कित्येक पट लागते. ती तूट गाडीतली बॅटरी भरून काढते.

मग इंधनघटच मोठा का बसवू नये? एक तर त्यातल्या प्लॅटिनममुळे तो महाग पडतो. दुसरं म्हणजे त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला वेग घ्यायला वेळ लागतो. भार एकदम वाढला, की आत वायू अपुरा पडतो आणि घटाचं आयुष्य घटतं. शिवाय ब्रेक लावताना मोटर जी वीज तयार करते, ती इंधनघटाला साठवता येत नाही, बॅटरीला येते. म्हणून सरासरी भार घटाकडे आणि चढउतार बॅटरीकडे, अशी वाटणी केली जाते. ती सांभाळायला मध्ये व्होल्टेज जुळवणारा कन्व्हर्टर आणि नियंत्रक संगणक असतो.

मोटारीच्या टाकीत ३५० बार दाबाखाली १.७५ किलो हायड्रोजन मावतो. किलोमागे सुमारे ३३ युनिट धरले, तर ऊर्जा होते ५८ युनिट. त्यातली निम्मी वीज म्हणून हाती आली, तर २९. निर्मात्यांनी सांगितलेला पल्ला २५० किलोमीटरचा; म्हणजे हिशेब युनिटमागे साधारण साडेआठ किलोमीटरचा पडतो.