चौदा कोर की सहा? सर्व्हरचा प्रोसेसर आणि गेमिंगचा प्रोसेसर

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो रिठदच्या तरुणांनी आम्हाला दिला आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला संगणकाच्या चिपवर बोलायला लावलं, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘यातलं चांगलं कोणतं?’ हा प्रश्न मुळात आमच्याच दुकानातला आहे. तो नीट कसा विचारावा एवढं शिकण्यात आमचं बरंच आयुष्य गेलं, तेव्हा आम्हाला अगदीच परकं समजू नका.

हकिगत अशी. गावात अभ्यासिकेसाठी वर्गणी जमली आहे. तिच्यातून एक दणकट संगणक घ्यायचा. दिवसा त्यावर सात-आठ मुलं वेगवेगळे पडदे आणि कीबोर्ड जोडून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतील. संध्याकाळी शेतकरी गटाचे सोयाबीन-तुरीच्या खरेदीचे हिशेब होतील. रात्री काहींना व्हिडिओचं काम शिकायचं आहे. रात्री दहानंतर गेमही खेळले जातील, हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण आम्हाला कळलं.

दुकानदाराने दोन पर्याय दिले. एक, कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून निघालेला जुना प्रोसेसर, इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, त्यात चौदा कोर. दुसरा, गेम खेळणारी पोरं घेतात तो एएमडीचा रायझेन ५ ५६००, त्यात सहा कोर. एक मुलगा आम्हाला म्हणाला, “सर, चवदा कोर भेटून रायले, त मंग सहावाला कायले घ्याचा?” प्रश्न रास्त आहे. चौदा हे सहापेक्षा जास्तच असतात. पण कशासाठी जास्त?

आता कोर म्हणजे काय, ते आधी. प्रोसेसरच्या आत हिशेब करणारा एक स्वतंत्र कारागीर, असं समजा. पूर्वी एका चिपमध्ये एकच असे. त्याला अधिकाधिक वेगाने राबवता राबवता चिप इतकी तापू लागली की तो रस्ता पुढे परवडेना. मग एकाऐवजी दोन, चार, सोळा कारागीर बसवायला सुरुवात झाली. इथे वाट दुभंगली. सर्व्हरवाल्यांनी कारागीर वाढवले आणि प्रत्येकाचा वेग बेताचा ठेवला. डेस्कटॉपवाल्यांनी कारागीर मोजके ठेवले आणि प्रत्येकाला पळायला लावलं. एएमडीच्याच घरातलं उदाहरण घ्या. सर्व्हरसाठीच्या एपिक ९६५४ मध्ये ९६ कोर आहेत, मूळ गती २.४ गिगाहर्ट्झ, आणि वीज ३६० वॅट. गेमसाठी नावाजलेल्या रायझेन ७ ७८००एक्स३डी मध्ये कोर आठच, पण मूळ गती ४.२ आणि जोर लावला की ५ गिगाहर्ट्झ. एकाच कंपनीने, एकाच काळात, दोन अगदी निराळ्या वस्तू बनवल्या. त्यांतली एक दुसरीची स्वस्त आवृत्ती आहे, असा समज करून घेऊ नका.

फरक एसटी आणि मोटारसायकलचा आहे. रिठदहून वाशिमला पन्नास माणसं न्यायची तर एसटीला तोड नाही. पण घरात कोणाला अचानक बरं नाही आणि औषध आणायचं आहे, तर एसटी पन्नास जणांची आहे या गुणाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. सर्व्हरच्या दारात हजारो लोक उभे असतात, त्यांतला प्रत्येक जण थोडा थांबला तरी चालतं. गेम खेळणाऱ्याचं तसं नाही. माणूस एकच, पण सेकंदाला साठ चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद. १४४ चित्रांचा पडदा असेल तर सातसुद्धा नाहीत. आणि ‘याने बटण दाबलं, तो सरकला, गोळी लागली की नाही’ हा हिशेब एकामागून एक असाच करावा लागतो. बाकीचे कारागीर हात बांधून बघत राहतात.

यालाच १९६७ साली जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने नियमाचं रूप दिलं. शेतातलं उदाहरण देतो. सोयाबीनच्या सोंगणीला मजूर दुप्पट लावले तर वेळ निम्मा होतो. पण गावात थ्रेशर एकच असेल, तर मळणीचा वेळ मजूर वाढवून कमी होत नाही. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी सगळ्या कामाचा वेळ ठरवतो.

आता आपल्या दोन चिपांचा हिशेब मांडू. रायझेनचा एक कोर त्या जुन्या झिऑनच्या एका कोरच्या दीडपट काम करतो, असं धरू. हे ढोबळ आहे, पण अवाजवी नाही. कामाचा १० टक्के भाग वाटता न येणारा असेल, तर झिऑनच्या चौदा कोरांनी वेग चौदापट होत नाही, साधारण ६.१ पट होतो. रायझेनच्या सहा कोरांनी चौपट होतो, त्याला दीडने गुणा, सहापट. म्हणजे बरोबरी! चौदा आणि सहा बरोबरीत सुटले. वाटता न येणारा भाग ३० टक्के झाला तर झिऑन २.९ आणि रायझेन ३.६, म्हणजे सहावाला पुढे. आणि तो भाग एकच टक्का असेल तर झिऑन १२.४ आणि रायझेन ८.६, इथे मात्र सर्व्हरवाला स्पष्ट जिंकतो. चिपा त्याच, काम बदललं की निकाल बदलला. घरी गेल्यावर हे गणित स्वतः करून बघा. एकाला वाटता न येणारा अंश आणि उरलेल्या अंशाला कोरांच्या संख्येने भागून आलेला आकडा, या दोहोंच्या बेरजेने भागायचं, एवढंच आहे.

हा वाद आपल्या मातीत मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. ऐंशीच्या दशकात भारताला हवा होता तसा ताकदवान क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे धुरीण विजय भटकर हे मुरंब्याचे, म्हणजे आपल्या जुन्या अकोला जिल्ह्यातले; वाशिमही १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. क्रेसारखा एकच अफाट वेगवान प्रोसेसर बनवणं तेव्हा आपल्या हातात नव्हतं. म्हणून त्यांनी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या, बाजारात मिळणाऱ्या टी८०० ट्रान्सप्युटर चिपा घेतल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. ट्रान्सप्युटरची खुबी ही की शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी त्याला चार दुवे मुळातच दिलेले होते. जगभर तेव्हा यावर टोकाचे मतभेद होते. नांगराला दोन तगडे बैल जुंपाल की एक हजार चोवीस कोंबड्या, असं सेमूर क्रे यांनी विचारल्याचं सांगतात. बैलपोळा साजरा करणाऱ्या मुलखात याचं उत्तर काय येईल ते उघड आहे. (हशा) पण हवामानाच्या गणितात आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन एकेका चिपेकडे देता येतो. तिथे कोंबड्या नांगर ओढत नाहीत, त्या दाणे टिपतात, आणि दाणे टिपायला बैल काय कामाचा? २००७ मध्ये पुण्यातच टाटांचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला, तोही हजारो झिऑन प्रोसेसर जोडूनच.

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात सुरुवातीलाच एक सुरी येते. डेल्फीचे लोहार अनेक कामांना चालेल अशी एकच सुरी बनवत, आणि निसर्ग असा कंजूषपणा करत नाही, असं तो म्हणतो. तुमच्या वर्गणीला मात्र डेल्फीचीच सुरी परवडणार आहे, हे आम्ही जाणून आहोत.

आता कोरांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. दुकानदार ती सांगत नाहीत, कारण ती जाहिरातीत दिसत नाही. सर्व्हरचा प्रोसेसर ज्या मेमरीबरोबर चालतो तिला ईसीसी म्हणतात, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी. संगणकातला प्रत्येक आकडा शून्य आणि एक यांच्या ओळीत लिहिलेला असतो. क्वचित एखादं शून्य आपोआप एक होतं. कधी चिपेतला दोष असतो, कधी अंतराळातून आलेला एखादा कण. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे यंत्रावर झालेल्या मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, एकाच जागचं एक शून्य एक झालं की होणारा फरक. नेमका दोषी सापडला नाही, पण दुसरं पटणारं कारणही पुढे आलं नाही. विचार करा, तुमच्या गटाच्या नोंदीत एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर ४०९६ किलो सोयाबीन असं चढलं, किंवा उतरलं, तर? भांडण गावात होईल, आणि चोर म्हणून बोट हिशेब लिहिणाऱ्या पोराकडे जाईल.

आपल्या दर्शनांत नेमका हाच वाद आहे. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, खोटं ठरेपर्यंत ते खरं माना. नैयायिक म्हणतात तसं नाही, ज्ञान खरं आहे हे दुसऱ्या कशावरून तरी पडताळावं लागतं. साधी मेमरी मीमांसक आहे, जे लिहिलेलं सापडलं ते खरं मानून पुढे जाते. ईसीसी मेमरी नैयायिक आहे. ती दर ६४ बिटांमागे ८ बिट केवळ साक्षीदार म्हणून ठेवते. एक बिट उलटला तर दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान ओरडते. ही सोय झिऑनला हमखास आहे. रायझेनमध्ये ती बोर्डावर अवलंबून असते, म्हणून बोर्डाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

पण स्कारबेकची चूक पकडली कशी गेली? त्या उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली म्हणून. म्हणजे पडताळा मेमरीने केला नव्हता, बेरजेने केला. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळवण्याची आपल्या वहीखात्यातली जुनी रीत हीसुद्धा नैयायिकच आहे, आणि ती फुकट आहे. ईसीसी नसेल तर रोजची बेरीज आणि दोन ठिकाणी ठेवलेली प्रत सोडू नका. ईसीसी असली तरीही सोडू नका.

विजेचं थोडक्यात. झिऑनची कागदावरची मर्यादा १२० वॅट, रायझेनची ६५. एखादं यंत्र दुसऱ्यापेक्षा पन्नास वॅट जास्त ओढत असेल आणि चोवीस तास चालू असेल, तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट जादा. शिवाय ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. सर्व्हरच्या चिपा थंड हवेच्या बंद खोलीसाठी आखलेल्या असतात, इथल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीसाठी नाही. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ टिकेल, ते याच वॅटवर ठरतं.

तुम्ही आमचं मत विचारलंत, तर आम्ही सहा कोरवाला घ्या म्हणू. वाचन, सराव परीक्षा, ब्राउझर या कामांत सात-आठ मुलांना कोर फारसे कमी पडणार नाहीत, कमी पडेल ती मेमरी. म्हणून वाचलेला पैसा मेमरीत घाला. रात्रीच्या व्हिडिओला वेगवान कोर कामी येतात. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत रायझेन आहे, तो जुना झिऑन नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. मुख्य काम रात्रभर व्हिडिओ तयार करत बसण्याचं असतं, किंवा लिनक्स चालवून पंधरा-वीस जणांना एकाच यंत्रावर बसवायचं असतं, तर आम्ही निर्विवाद सर्व्हरच्या बाजूने बोललो असतो.

“जुनी चिप बिघडलेली असेल काय?” असं मागून कोणी तरी विचारतंय. चिप सहसा बिघडत नाही, वर्षानुवर्षं थंड खोलीत इमानाने राबलेली असते. भीती बोर्डाची आहे. अशा जुन्या झिऑनसाठी जे स्वस्त नवे बोर्ड विकले जातात, त्यांतल्या अनेकांवर जुन्या बोर्डांवरून काढलेले भाग बसवलेले असतात. तो बंद पडला तर वाशिमच्या दुकानात बदली बोर्ड मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारून या. यंत्र एकच असणार आहे. ते परीक्षेच्या आठवड्यात बसलं, तर आठही मुलं एकदम बसतील. दुकानदार वॉरंटी तोंडी सांगत असेल तर ती बिलावर लिहून घ्या, आणि बिल अभ्यासिकेच्या नावाने करा, कोणा एकाच्या नावाने नको.