दुकानाची वही आणि गावाचं दप्तर

मागच्या वेळी आपण शेतकरी घराण्याची वंशावळ कशी लावायची ते पाहिलं. आज एक वेगळं घर घेऊ. ओसरीवर किराणा दुकान, आत संसार, आणि घरातला कर्ता माणूस गावात कुठल्यातरी अधिकारावर. कुणाचे पणजोबा शेटे होते, कुणाचे कुलकर्णी, कुणाचे आजोबा दुकानाच्या कोपऱ्यात पोस्टाची पेटी सांभाळत होते, कुणी सरपंच झाले. अशा घरातली मंडळी इतिहास लिहायला बसली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'आमच्या घराला गावात मान होता.' ते खोटं नसतं. पण तो मान कशातून आला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे शोधल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

आधी हे दोन उद्योग एका घरात का आले ते पाहू. दुकानदाराला लिहिता-वाचता आणि हिशेब करता येणं भाग होतं. गावच्या अधिकाऱ्यालाही तेच लागे. शिवाय अख्खं गाव दुकानाच्या पायरीवर येऊन जाई, त्यामुळे कुणाकडे काय आहे, काय नाही, हे तिथं आपोआप कळे. मराठेशाहीत बाजारपेठेच्या गावी शेटे आणि महाजन हे वतनदारच असत. पेठ वसवायची, व्यापारी आणायचे, बाजारावर देखरेख ठेवायची, ही त्यांची कामं. आज आडनाव म्हणून उरलेले हे शब्द तेव्हा हुद्दे होते. खेड्यात वसुलीचा प्रमुख पाटील आणि लेखणी कुलकर्ण्याच्या हाती. यातली कितीतरी घरं जोडीला देवघेव करत. स्वातंत्र्यानंतर वतनं गेली, पण स्वस्त धान्याचं दुकान, शाखा डाकघर आणि ग्रामपंचायत यांनी ही जोडी नव्या रूपात चालू ठेवली.

आता कागद कुठे सापडतात? अधिकाराची बाजू आधी घेऊ. जुन्या वतनाचे कागद मोडीत असतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर हा त्याचा सर्वांत मोठा साठा. भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. इंग्रजी अमलात १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. त्यामुळे वतनाचा वारस कोण, प्रत्यक्ष काम कोण करतो, याच्या नोंदी सरकारदरबारी होऊ लागल्या. भावकीत वाद झाला असेल तर उत्तमच, कारण वादाच्या कागदात वंशावळ हमखास मिळते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली आणि महाराष्ट्र राज्यात मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. तुमच्या घरचा हुद्दा अमुक साली अचानक थांबलेला दिसला, तर आधी ही सालं ताडून बघा. घराण्याचं काही बिघडलं असेलच असं नाही.

तहसील कचेरीत फेरफार नोंदी मिळतात. जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तिथंच पाहायला मिळतं. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रातल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हेही विसरू नका. साल वाचताना मात्र सांभाळा. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० किंवा ५९१, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. गुजराती आणि मारवाडी दुकानदारांच्या वहीत विक्रम संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे.

दुसरी बाजू दुकानाची. रोजमेळात दिवसाची आवकजावक, खतावणीत माणसागणिक खातं. मापं जुनी आहेत : दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. रुपयाचे सोळा आणे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, त्यामुळे वहीला तारीख नसली तरी नाण्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. या खतावणीत लग्नाचा गूळ आहे, बाळंतिणीचं डिंक-खोबरं आहे, पेरणीचं बी आहे. गावच्या सुखदुःखाची इतकी बारीक नोंद सरकारी कागदात कुठेच नाही.

आणि मग येते ती ट्रंक, म्हणजे कर्जरोख्यांची. पुष्कळ घरांत एकाच कुळाचे ओळीने तीन-चार रोखे निघतात, रक्कम दर वेळी वाढलेली. घरचे म्हणतात, 'बघा, आमच्या आजोबांनी किती वेळा मदत केली!' जरा थांबा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साधा रोखा तीन वर्षांनी मुदतबाह्य व्हायचा. हेतू असा की जुनं कर्ज साचू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरली की थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायची रीत पडली. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने दिले आणि काहीच फेड झाली नाही. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ २९६ रुपयांचा. कुळाच्या हाती मधे एक पैसाही नवा पडलेला नाही. म्हणजे तीन रोखे हे तीन वेळची मदत नसून एकाच कर्जाचे तीन जन्म असू शकतात. रोजमेळात त्या तारखेला रोकड गेलेली दिसते का, एवढंच तपासा. उत्तर तिथं आहे.

हे कोडं त्या काळच्या माणसांनी आपल्या परीनं सोडवलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ दरम्यान इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने उधार दिलं. युद्ध संपलं, भाव पडले, त्यात शेतसाऱ्याची नवी आकारणी वाढीव आली आणि उधार आखडलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते रोखे आणि वह्या. ते मिळाले की त्यांची होळी. जिथं सावकारानं कागद गुपचूप दिले तिथं मारहाण सहसा झाली नाही, असं सरकारी चौकशीत आढळलं. आणखी एक गोष्ट त्याच चौकशीतून दिसते. रोख बहुतेक मारवाडी आणि गुजराती दुकानदारांवर होता. सावकारी करणारे स्थानिक ब्राह्मण आणि इतर लोक बहुतेक ठिकाणी वाचले. तेव्हा 'आमच्या घराला दंग्यात कुणी हात लावला नाही' एवढ्यावरून घर निर्दोष ठरत नाही, आणि ज्याचं दुकान जळलं तोच सर्वांत वाईट होता असंही ठरत नाही.

पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. नुसता रोखा पुढे करून भागेना. व्यवहार मुळात कसा सुरू झाला ते न्यायालय तपासू लागलं, पावती आणि हिशेब देणं सावकारावर आलं. घराण्याचा इतिहास लिहिताना आपणही नेमकं हेच करायचं आहे, रोख्याच्या मागे जायचं.

ज्या घरात वहीही होती आणि दप्तरही, तिथं हे जास्तच गरजेचं. देणं किती ते एक हात लिहिणार आणि जमीन कुणाच्या नावावर ते त्याच घरातला दुसरा हात. म्हणून जमिनीची प्रत्येक नोंद खतावणीशी लावून बघा. मात्र खतावणीची शेवटची पानंही तितक्याच नेटाने वाचा. दुष्काळाच्या वर्षी दिलेलं आणि पुढे कधी न वसूल झालेलं धान्यही तिथंच सापडतं. तेही लिहा, तारखेसकट आणि मापासकट.

कामाला कुठून लागायचं? घरातल्या वह्यांचे फोटो आजच काढून ठेवा, वाळवी थांबत नाही. मोडी जाणणारं माणूस गाठा. आणि खतावणीत ज्यांची खाती आहेत त्यांची नातवंडं गावात असतील, तर त्यांच्या घरी जाऊन बसा. त्यांच्याकडेही एखादी पावती असेल, नसली तरी आठवण असेल. ती तुमच्या वहीशी जुळली तर दोन्ही घरांचा इतिहास पक्का होईल. नाही जुळली, तर ते न जुळणंही तसंच लिहून ठेवा.