निवेदकाचा आवाज कुठे गेला?

मध्यंतरी एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला एक अडचण कळवली. जलचक्रावरची एक जुनी डीव्हीडी त्यांनी नववीच्या वर्गाला संगणकावर दाखवायला घेतली. चित्र स्वच्छ आले. धबधबा गडगडला, बेडूक ओरडले, संगीत वाजले. पण निवेदक मात्र ओठ हलवीत नुसता उभा! मुले हसू लागली आणि तास वाया गेला. "तबकडी खराब झाली असावी. टाकून देऊ का?" असे बाईंनी विचारले होते.

आम्ही म्हटले, थांबा. तबकडी खराब झाली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. एकाच माणसाला निवडून गप्प करणे ओरखड्याला जमत नाही. तेव्हा दोष दुसरीकडे शोधायला हवा.

अशा डीव्हीडीवर बहुधा सहा स्वतंत्र ध्वनिमार्ग असतात : पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा आणि सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या घुमणाऱ्या आवाजांसाठी एक. या सहाव्याचा आवाका इतका लहान की त्याला '.१' एवढेच मोजतात. म्हणून नाव ५.१. बोलणे मुख्यतः मधल्या मार्गात ठेवतात. प्रेक्षक कोणत्याही कोपऱ्यात बसला तरी शब्द पडद्यातूनच आल्यासारखे वाटावेत, हा त्यामागचा हेतू.

शाळेच्या संगणकाला स्पीकर असतात दोनच. अशा वेळी मधल्या मार्गाचा आवाज ०.७०७ ने गुणून डाव्यात आणि उजव्यात, दोन्हींत मिसळतात. ०.७०७ च का? शक्ती ही आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि ०.७०७ चा वर्ग ०.५. म्हणजे निम्मी शक्ती डावीकडे, निम्मी उजवीकडे, बेरीज पूर्वीइतकीच. पण संगणकाच्या ध्वनिव्यवस्थेत '५.१ स्पीकर' असे नोंदलेले असेल तर ही मिसळण होतच नाही. संगणक प्रामाणिकपणे निवेदकाला मधल्या स्पीकरकडे पाठवतो, आणि तिथे स्पीकरच नाही!

हे पडताळून पाहता येते. संगणकामागे सहा रंगीत खोबणी असतील तर स्पीकरची पिन हिरव्यातून काढून नारिंगी खोबणीत घाला. त्या खोबणीत मधला आणि घुमणारा असे दोन मार्ग येतात. एका स्पीकरमधून निवेदक एकटाच बोलू लागेल. दुसरा गप्प राहील किंवा अधूनमधून नुसता घुमेल. तीनच खोबणी असलेल्या अनेक संगणकांत हे काम मायक्रोफोनची गुलाबी खोबण करते.

मात्र याच लक्षणाचे आणखी एक कारण असते, आणि आम्हाला ते जास्त आवडते. हेडफोनची पिन अर्धवट बसली किंवा तिची सामाईक तार तुटली, तर डाव्या-उजव्या बाजू एकापुढे एक जोडल्या जातात आणि ऐकू येतो तो दोघांतला फरक. डावीकडे अ + न आणि उजवीकडे ब + न असेल (न म्हणजे निवेदक), तर वजाबाकी अ − ब. न गेला! नववीच्या मुलांना हे बीजगणित कानांनी ऐकवता येईल.

दोन कारणे वेगळी कशी ओळखायची? साधे दोन मार्गांचे एखादे गाणे लावा. त्यातही गायकाचा आवाज हरवला तर पिन तपासा. गाणे ठीक असेल तर स्पीकरची नोंद ५.१ वरून 'स्टिरिओ' करा. बोलणे ऐकू येते पण क्षीण, असे असेल तर डीव्हीडी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आवाजातले चढउतार कमी करण्याची सोय शोधा.

तबकडी मुळी सुरूच होत नसेल तर गोष्ट निराळी. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी-चित्रपट चालवण्याची सोय मूळ संचात नसते; व्हीएलसी हा मोफत प्रोग्रॅम बसवला की काम भागते. परदेशातून आणलेल्या तबकडीवर वेगळ्या विभागाचा क्रमांक असू शकतो. भारताचा विभाग ५. ड्राइव्हचा क्रमांक साधारण पाचच वेळा बदलता येतो, म्हणून सहज गंमत म्हणून तो बदलू नये. तबकडी पुसताना मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे : आडवा ओरखडा प्रत्येक फेरीतला थोडासा भाग बिघडवतो आणि तेवढी चूक दुरुस्त होते, फेरीच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खाऊन टाकतो.

बाईंच्या संगणकात नोंद ५.१ निघाली. पूर्वी कुणीतरी स्नेहसंमेलनासाठी सहा स्पीकरांचा संच जोडला होता; संच परत गेला, नोंद तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी निवेदक बोलला. मुलांनी मात्र आधी नारिंगी खोबणीचा प्रयोग पुन्हा करून दाखवायला लावला, आणि जलचक्र आणखी एक दिवस लांबले.