वाफेवरचा वाफा

थंडीच्या दिवसांत पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खताच्या उबेवर चालणाऱ्या हरितगृहाची निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. शेण, लीद, पेंढा, पालापाचोळा एकत्र कुजू लागला की त्यात कोट्यवधी जिवाणू राबतात, आणि राबणारा जीव तापतोच. घनमीटरभर ढीग नीट रचला, ओला ठेवला आणि त्याला हवा मिळाली, तर दोन-चार दिवसांत पोटातलं तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसवर जातं. हात घालून पाहू नये.

ही ऊब वाऱ्यावर न सोडता तिच्यावर भाजी पिकवायची, या विचाराने १९८३ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडवर, एक हरितगृह उभं राहिलं. ते बांधणारी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट ही संस्था जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅकलार्नी यांनी १९६९ साली सुरू केली होती. नाव किमयागारांचं, पण पत्ता हॅचव्हिल गावातल्या बारा एकरांच्या जुन्या डेअरीचा. तिथे पवनचक्क्या फिरत, टाक्यांमध्ये मासे वाढत. १९७६ साली त्यांनी ‘आर्क’ नावाचं हरितगृह बांधलं. त्यात दिवसाचं ऊन पाण्याच्या मोठ्या टाक्यांत साठवून रात्री वापरलं जाई. पण केप कॉडचा हिवाळा ढगाळ आणि दिवस तोकडे. उन्हाच्या जोडीला दुसरं काही हवं होतं. ते खताच्या ढिगात सापडलं.

रचना साधी होती. ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या अंगाला कंपोस्टचे कप्पे. पंखा ढिगातून हवा ओढायचा आणि ती ओली, गरम हवा भोकं पाडलेल्या नळ्यांतून भाजीच्या वाफ्यांखाली सोडायचा. मराठीत वाफ आणि वाफा यांत एका कान्याचं अंतर आहे. इथे तेवढंही नव्हतं. कारण ढिगातली बरीचशी उष्णता वाफेच्या रूपातच बाहेर पडते. एक किलो वाफ थंड मातीत शिरून पुन्हा पाणी होते, तेव्हा ती सुमारे साडेपाच लिटर बर्फगार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता सोडते. शिवाय त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो, तो पानांना हवाच असतो. आणि अमोनिया असतो, जो पानांना जाळतो. तो मातीत अडकतो, मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. म्हणजे वाफा हा एकाच वेळी शेगडी, गाळणी आणि शेत.

इथपर्यंत सगळं गोडच. खरी मौज पुढे आहे. ब्रूस फुलफर्ड यांनी दोन वर्षांच्या नोंदींवरून १९८६ साली अहवाल लिहिला, आणि त्यात अडचण लपवली नाही. हरितगृह उबदार राहील एवढं कंपोस्ट भरलं, तर कार्बन डायऑक्साइड गरजेच्या कितीतरी पट निघतो आणि नायट्रोजन तर त्याहूनही जास्त. हिवाळ्यात ऊन कमी, त्यामुळे पालेभाजी तो नायट्रोजन पचवू शकत नाही आणि पानांत नायट्रेट साठतं. उलट नायट्रोजनच्या मापाने ढीग लहान केला, तर ऊब नावापुरतीच उरते. ढिगाला ऊब, वायू आणि खत वेगवेगळं मागता येत नाही. तो तिन्ही एकदम देतो, आपल्या प्रमाणात.

हे कोडं पॅरिसच्या मळेकऱ्यांना पडलं नव्हतं, कारण त्यांनी खोली तापवायचा हट्टच धरला नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिस घोड्यांवर चालत होतं आणि तबेल्यातली लीद रोज शहरातल्या आणि भोवतालच्या मळ्यांत जात होती. मळेकरी ताज्या लिदीचा जाड थर दाबून बसवत, त्यावर चांगली माती पसरत, वर काचेची तावदानं किंवा घंटेसारखी काचेची झाकणं ठेवत. भर हिवाळ्यात लेट्यूस, मुळे, पुढे खरबुजं. मोरो आणि दाव्हेर्न या दोन मळेकऱ्यांनी १८४५ साली या कामाचं सविस्तर पुस्तकच लिहिलं. रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांनीही या मळ्यांचं वर्णन केलं आहे. त्यातला एक तपशील मजेशीर आहे: मळा सोडताना आपण तयार केलेली माती खणून सोबत नेण्याचा हक्क मळेकरी करारातच लिहून घेत. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले आणि लीदही गेली.

फ्रान्सच्याच दक्षिणेला, व्हिलक्रोझमध्ये, झाँ पँ यांनी लिदीऐवजी जंगलातली झुडपं बारीक करून ५० टनांचा ढीग रचला आणि त्यात २०० मीटर पाइप गुंडाळला. दहा अंशांचं पाणी मिनिटाला चार लिटर या वेगाने साठ अंशांवर येऊन बाहेर पडे. हिशेब केला तर हे जवळपास १४ किलोवॉट, म्हणजे घरातले सात गिझर अखंड चालू. पण त्यासाठी ५० टन लाकूड तोडून, चिरून, भिजवून रचायचं होतं. फुकट ऊब म्हणतात ती अशी.

आपल्याकडे ढिगाच्या उष्णतेकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं गेलं. १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत घडवली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक आलं. जगभर ‘इंदूर पद्धत’ गाजली, नाव मात्र हॉवर्ड यांचंच घेतलं जातं. त्यांना हवं होतं ते खत. उष्णता म्हणजे कचरा नीट कुजतो आहे याची खूण. महाराष्ट्रातल्या पॉलिहाऊसवाल्याला तर उष्णता बाहेर कशी घालवायची हीच चिंता. त्यामुळे हे तंत्र बर्फाच्या मुलखातलंच.

तिथे घराभोवती स्वतःपुरतं पिकवणाऱ्या कुटुंबाने न्यू अल्केमीपेक्षा पॅरिसचं ऐकावं, हे बरं. मुळांना ऊब मिळाली की पानं बरीच थंडी सोसतात. न्यू जर्सीत मार्चमध्येच मेथी पेरायची घाई झालेल्या मराठी घरांनाही हे करता येईल. दोन फूट ताजी लीद-पेंढा तुडवून बसवा, वर वीतभर माती, त्यावर जुनी खिडकी. लगेच पेरू नका. पहिला ताव बी शिजवून टाकतो. मातीचं तापमान २५ अंशांच्या आसपास उतरलं की पेरा, आणि दुपारी ऊन असेल तेव्हा खिडकी थोडी उचलून ठेवायला विसरू नका.