भूल म्हणजे नुसती झोप नव्हे!



घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "भूल अर्धी देणार की पूर्ण?" अर्ध्या भुलेत बहुधा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आज आपण पूर्ण भुलेविषयी समजून घेऊ या. पुष्कळांना वाटतं, एक इंजेक्शन दिलं की माणूस झोपतो आणि डॉक्टर काम सुरू करतात. पण खरं तर तिथे तीन वेगवेगळी कामं चाललेली असतात.

तीन कामं, तीन औषधं

१) झोप : रुग्णाला शुद्ध नसावी आणि काही आठवू नये.
२) वेदना थांबवणे : यासाठी मॉर्फिन, फेंटानिल अशी ओपिऑइड गटातली औषधं.
३) स्नायू सैल करणे : यासाठी व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम अशी औषधं.

वेदना थांबवणारं औषध

खसखस आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असते. त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्या की जो चीक येतो, ती अफू. अफूपासून मॉर्फिन मिळतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमचला सरकारी अफू कारखानाही आहे.

ही औषधं मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे जाऊ देत नाहीत. रुग्ण झोपलेला असला तरी चिरा दिल्यावर शरीर उसळतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. ओपिऑइड हे आवरतं, शिवाय झोपेचं औषधही कमी लागतं. फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र असतं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मुलांनो, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. दशांश चिन्ह चुकलं तर काय होईल, विचार करा!

स्नायू सैल करणारं औषध

याची गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली. तिथले आदिवासी बाणाच्या टोकाला 'क्युरारे' नावाचं वनस्पतीचं विष लावत. शिकारीचे स्नायू लुळे पडत, श्वास थांबे आणि ती मरे. मांस मात्र खाता येई, कारण हे विष पोटातून रक्तात फारसं शोषलं जात नाही. १९४२ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी ऑपरेशनच्या वेळी भुलेसोबत क्युरारे वापरलं आणि भूलशास्त्राला नवी वाट मिळाली.

हे काम कसं करतं? मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन निघतं. ते किल्लीसारखं स्नायूवरच्या कुलपात बसतं आणि स्नायू आवळतो. हे औषध आधीच त्या कुलपात जाऊन बसतं. मग किल्लीला जागाच उरत नाही! पोट सैल पडतं, सर्जनला आत नीट दिसतं आणि श्वासनलिकेत नळी घालणंही सोपं जातं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

आपल्या कुरुळी-चाकण पट्ट्यातल्या कामगार बांधवांना हे लगेच पटेल. मशीन दुरुस्त करताना मेन स्विच बंद करून कुलूप लावतात. मशीन थांबतं, पण शेजारी उभा असलेला ऑपरेटर जागाच असतो, हो की नाही? तसंच इथे. स्नायू थांबले म्हणजे माणूस झोपला असं नाही, आणि वेदना थांबली असंही नाही.

अमेरिकेतल्या डॉ. स्कॉट स्मिथ यांनी जागेपणी स्वतःवर क्युरारेचा प्रयोग करून घेतला. तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना बोटही हलवता येत नव्हतं, पण पूर्ण शुद्ध होती आणि वेदनाही कळत होती. म्हणून हे औषध एकटं कधीच पुरत नाही. झोप आणि वेदनाशामक सोबत हवंच.

श्वासाचं काय?

ओपिऑइडमुळे मेंदू श्वासाची आठवण करून द्यायला मंदावतो. दुसऱ्या औषधामुळे छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू थांबतात. म्हणजे दोन्हीकडून श्वासावर घाला! म्हणून ऑपरेशनभर व्हेंटिलेटर श्वास देतो आणि भूलतज्ज्ञ ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब सतत पाहत असतात. मनगटाजवळ विजेचे चार हलके झटके देऊन अंगठा किती वेळा हलतो, यावरून स्नायूंची ताकद किती परत आली हे कळतं. शेवटी निओस्टिग्मिनसारखं उलट औषध देतात. रुग्ण स्वतः नीट श्वास घेऊ लागला की मगच नळी काढतात.

मग आपलं काम काय?

• उपाशी राहायला सांगितलं असेल तर पाळा. साधारणपणे हलकं जेवण ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद असतं, पण आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच खरी. भुलेत घशाची राखण थांबते. पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. "लेकरू रडतंय, एक बिस्किट देऊ" असं करू नका, आणि दिलंच असेल तर लपवू नका.
• दमा, रात्रीचं जोराचं घोरणं, दारू, तंबाखू, चालू गोळ्या हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगा.
• घरातल्या कुणाला आधी भुलेचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. काही कुटुंबांत विशिष्ट औषधाचा असर वेळेत उतरत नाही.
• घरी दिलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या ठरल्या प्रमाणातच घ्या. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत तर मुळीच नको. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

सांगा पाहू!

१) खसखस आणि मॉर्फिन यांचा संबंध काय?
२) स्नायू सैल करणारं औषध एकटं का देत नाहीत?
३) ऑपरेशनच्या आधी उपाशी का ठेवतात?

उत्तरं घरी आईबाबांना समजावून सांगा. ऑपरेशनच्या दिवशी घरातल्या एकाला जरी ही माहिती असली, तरी पुष्कळ फरक पडतो, बरं का!